तारापूरची वाफ आणि बोईसरचे बॉयलर

मीरा-भाईंदरच्या एका शाळेत दहावीच्या वर्गाला मी ऊर्जेचा धडा शिकवत होतो. फळ्यावर अणुविद्युत केंद्राची नेहमीची आकृती काढली. भट्टी, वाफ, टर्बाइन, जनित्र आणि शेवटी संघनकातून समुद्राकडे जाणारा बाण. सवयीने एक वाक्य बोलून गेलो, की भट्टीतल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश उष्णतेची वीज होते, उरलेली समुद्रात जाते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील रोज भाईंदरहून गाडी पकडून बोईसरला जातात, तिथल्या रसायनांच्या एका कारखान्यात ते बॉयलरवर आहेत. तिचा प्रश्न सरळ होता. "सर, तारापूरला एवढी उष्णता समुद्रात सोडतात आणि जवळच बाबांच्या कंपनीत वाफेसाठी कोळसा जाळतात. मग तीच उष्णता पाइपाने का नाही देत?"

तासाची घंटा झाली म्हणून त्या दिवशी मी वाचलो. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. उत्तर शोधताना लक्षात आलं, की हा प्रश्न अणुयुगाइतकाच जुना आहे, तो जगभर विचारला गेला आहे, आणि आपल्याच देशात एका ठिकाणी त्याचं उत्तर 'देतो की' असंही मिळालेलं आहे. ती हकिगत शिक्षकांच्या उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून इथे मांडतो.

सुरुवात भाईंदरच्या मिठागरांपासून करू. खाडीकाठी जी काही मिठागरं अजून शिल्लक आहेत, तिथे उन्हाळ्यात भरतीचं पाणी वाफ्यांत घेऊन आटवतात. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता काही थोडी नव्हे. पण वाफ्यातल्या पाण्याचं तापमान मे महिन्यातही फार तर पस्तीस-चाळीस अंश असतं. आता भाईंदर पूर्वेला चला. तिथल्या स्टीलच्या भांड्यांच्या आणि पट्टीच्या कारखान्यांत पोलाद लाल करायचं असेल तर भट्टी हजार-अकराशे अंशांना न्यावी लागते. मिठागरातली उष्णता हवी तितकी साठवून आणली तरी तिने पोलादाची एक पट्टीसुद्धा लाल होणार नाही. उष्णता किती आहे हा एक प्रश्न, आणि ती किती तापमानाला आहे हा दुसरा. वर्गात आपण हे दोन शब्द वेगळे शिकवतो, पण परीक्षेनंतर मुलं ते विसरतात. खरं सांगायचं तर आपणही विसरतो. माझ्या आकृतीतला समुद्राकडे जाणारा बाण हा त्याचाच पुरावा.

कारखान्यांच्या गरजा या दोन टोकांच्या मधे पायरीपायरीने बसतात. कापड रंगवायच्या हौदाला शंभर अंशांच्या आसपास पुरतात. औषधं आणि रसायनं तयार करणाऱ्या पात्रांना बहुधा 'दहा किलोची' वाफ लागते. बॉयलरवाल्यांच्या भाषेत हा दाब झाला. अशा वाफेचं तापमान सुमारे १८४ अंश असतं. तेलशुद्धीकरण कारखान्यात कच्चं तेल ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात सोडण्याआधी साडेतीनशे अंशांच्या वर तापवतात. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढायला आठशे-नऊशे अंश लागतात, आणि हा हायड्रोजन खतांना हवा तसा तेलातलं गंधक काढायलाही हवा. त्यावरची पायरी पोलादाची आणि सिमेंटची. आज या सगळ्या पायऱ्यांवर प्रामुख्याने कोळसा, तेल नाहीतर वायू जळतो. विजेसाठी जळणाऱ्या कोळशाची चर्चा आपण पुष्कळ करतो. नुसत्या उष्णतेसाठी जळणारा कोळसा मात्र आपल्या नजरेतून निसटतो, कारण तो कारखान्याच्या भिंतीआड जळतो.

आता तारापूर. अमेरिकेच्या साहाय्याने उभारलेल्या तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. भारतातलं हे पहिलं अणुविद्युत केंद्र. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांना वीज देण्यासाठी ते बांधलं गेलं. तेव्हा बोईसर हे किनारपट्टीवरचं लहान गाव होतं. औद्योगिक वसाहत त्यानंतरच्या काळात वाढत गेली आणि रसायनं, रंग, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. पुढे २००५ आणि २००६ मध्ये तारापूरला प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन मोठ्या भट्ट्या सुरू झाल्या. या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावं लागलं. गाव गमावलेल्या माणसांच्या शेजारची चिमणी धूर ओकतच राहिली, हे आठवलं की त्या मुलीचा प्रश्न नुसता विज्ञानाचा राहत नाही.

५४० मेगावॉटची एक भट्टी सुमारे १७०० मेगावॉट उष्णता निर्माण करते. म्हणजे ११०० मेगावॉटहून जास्त उष्णता संघनकातून समुद्राला जाते. आकडा ऐकून छाती दडपते. पण संघनकातली वाफ किती तापमानाला असते? चाळीस अंशांच्या आसपास. टर्बाइनने वाफेतलं घेण्यासारखं सगळं घेतलेलं असतं आणि उरलेली उष्णता मिठागराच्या पायरीवर येऊन बसलेली असते. बोईसरच्या बॉयलरला हव्या त्या १८४ अंशांच्या वाफेशी तिचा काही संबंध नाही. ती पाइपाने नेली तरी रसायनाचं पात्र तापणार नाही. तेव्हा मुलीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की समुद्रात जाते ती उष्णता बाबांच्या कंपनीला नको आहे.

इथे थांबलो तर मात्र आपण तिला फसवल्यासारखं होईल. कारण भट्टीजवळ वाफ चाळीस अंशांना नसते. तारापूरच्या नव्या भट्ट्यांत ती अडीचशे अंशांच्या आसपास असते. टर्बाइनमधून खाली येताना ती १८४ अंशांची पायरी ओलांडूनच जाते. त्या पायरीवर थोडी वाफ बाजूला काढता येते. अर्थात तेवढी वीज कमी होणार. ढोबळ हिशोब करून पाहा: कारखान्याला १०० एकक उष्णता द्यायची तर २० ते २५ एकक वीज सोडून द्यावी लागेल. कारखान्याने तीच १०० एकक उष्णता स्वतःच्या बॉयलरात कोळशापासून काढली, तर धुराड्यातून जाणारी उष्णता धरून १२० एककांच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. म्हणजे व्यवहार फुकटाचा नाही, पण आतबट्ट्याचाही नाही. मग तो झाला का नाही? इथून पुढचं उत्तर इतिहासात आहे.

मुंबईत अशी एक शेजारजोडी तारापूरच्याही आधीपासून होती. तुर्भ्याच्या किनाऱ्यावर १९५४ मध्ये स्टॅन्व्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. (राष्ट्रीयीकरणानंतर हेच अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियमचे आणि भारत पेट्रोलियमचे कारखाने झाले.) त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला अणुसंशोधन केंद्र उभं राहत होतं आणि १० जुलै १९६० रोजी तिथली ४० मेगावॉट उष्णतेची सायरस ही भट्टी कार्यान्वित झाली. एका बाजूला रात्रंदिवस उष्णता हवी असलेला उद्योग, दुसऱ्या बाजूला उष्णता फेकून देणारी भट्टी. पण सायरस ही संशोधनाची भट्टी. तिचं शीतक पाणी उकळीलाही पोचत नसे, आणि शेजाऱ्याला हवे होते साडेतीनशे अंश. दोघांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजलं तर थोडं होतं, अंशांमध्ये मोजलं तर न ओलांडता येणारं.

सायरसच्या त्या कोमट उष्णतेला अखेर कामही मिळालं, आणि तेही मिठागराच्या जातीचं. २००४ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने तिला समुद्राचं पाणी गोडं करणारं एक छोटं यंत्र जोडलं. भांड्यातली हवा काढून दाब कमी केला की पाणी चाळीसेक अंशांनाच उकळतं. (इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये कोमट पाणी घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या ओढा. बुडबुडे दिसतील. हा प्रयोग वर्गात करण्यासारखा आहे.) हे यंत्र दिवसाला ३० घनमीटर शुद्ध पाणी देत असे. लिटरला २४०० किलोज्यूल धरून मुलांना हिशोब घालून द्या: उत्तर ८०० किलोवॉटच्या थोडं वर येतं, म्हणजे भट्टीच्या पूर्ण क्षमतेच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं. सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. दरम्यान तमिळनाडूत कल्पाक्कमला याच दिशेचं बरंच मोठं संयंत्र उभं राहिलं होतं.

बाहेरच्या जगात काय चाललं होतं? १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये काल्डर हॉल हे केंद्र सुरू झालं, ते विजेसाठी प्रसिद्ध आहे (आणि अण्वस्त्रांच्या प्लुटोनियमसाठीही). पण ते शेजारच्या कारखान्याला वाफही पुरवत असे, हे पुस्तकांतून क्वचितच येतं. नॉर्वेत हाल्डन गावच्या डोंगरात बसवलेली एक छोटी संशोधन-भट्टी जवळच्या कागद कारखान्याला वाफ देई. ती २०१८ मध्ये बंद झाली. स्वित्झर्लंडमधलं गोसगेनचं केंद्र १९७९ पासून सुमारे दोन किलोमीटरवरच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला वाफ देत आलं आहे. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते: केंद्र एक, मुख्य गिऱ्हाईक एक, आणि अंतर चालत जाण्याएवढं.

सगळ्यांत मोठा डाव मात्र अमेरिकेत मांडला गेला आणि तो पार उधळला. मिशिगन राज्यातल्या मिडलंड गावी डाऊ केमिकल या कंपनीचं प्रचंड संकुल आहे. तिथल्या वीज कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नदीपलीकडे दोन अणुभट्ट्या बांधायचं ठरवलं. त्या वीज देतीलच, शिवाय डाऊला वाफही देतील, अशी योजना होती. डाऊचे जुने कोळशाचे बॉयलर त्यामुळे बंद होणार होते. १९७२ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला. त्यानंतर विलंब सुरू झाले. १९७९ मध्ये थ्री माईल आयलंडचा अपघात झाला आणि नियम कडक झाले. त्यातच मिडलंडच्या इमारतींखालची भरावाची माती नीट धुमसलेली नाही असं आढळलं आणि डिझेल जनित्राची इमारत खचू लागली. वाट पाहून कंटाळलेल्या डाऊने १९८३ मध्ये अंग काढून घेतलं. १९८४ मध्ये, बरंचसं काम झालेलं असताना आणि ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली असताना, प्रकल्प सोडून देण्यात आला. पुढे १९९०च्या सुमारास त्याच जागी नैसर्गिक वायूवर वीज आणि वाफ दोन्ही देणारं केंद्र उभं राहिलं. डाऊला वाफ मिळाली, पण ती वायूची.

मिडलंडची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे तापमानाची अडचण नव्हती, अंतराची नव्हती आणि गिऱ्हाइकाचीही नव्हती. अडचण काळाची होती. रासायनिक कारखाना आपल्या बॉयलरसाठी पंधरा वर्षं थांबू शकत नाही. विजेचं तसं नसतं. एक केंद्र रखडलं तरी दुसरीकडची वीज तारेवरून येते. वाफेला अशी देशभर पसरलेली तार नाही.

आता आपल्या देशातली गोष्ट. राजस्थानात कोट्याजवळ रावतभाटा इथे कॅनडाच्या मदतीने जड पाण्यावर चालणारी आपली पहिली भट्टी १९७३ मध्ये सुरू झाली. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि कॅनडाने हात काढून घेतला. दुसरी भट्टी आपल्याच माणसांनी पूर्ण केली, ती १९८१ मध्ये सुरू झाली. या भट्ट्यांना जड पाणी हवं, आणि ते बाहेरून आणणं कठीण होऊन बसलेलं. साध्या पाण्यातल्या सुमारे सात हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा असतो. तो वेचून काढायचा तर हजारो टन पाणी चाळावं लागतं.

रावतभाट्याच्या कारखान्यात हे काम हायड्रोजन सल्फाइड या वायूच्या मदतीने होतं. सडक्या अंड्यासारख्या वासाचा हा वायू अतिशय विषारी. ३० अंशांच्या आसपास ड्युटेरियम वायूतून पाण्यात जाणं पसंत करतो, १३० अंशांच्या आसपास उलट पाण्यातून वायूत जाण्याकडे त्याचा कल वाढतो. एक मनोरा थंड आणि एक गरम ठेवायचा, पाणी वरून खाली सोडायचं, वायू खालून वर फिरवत राहायचा. मग ड्युटेरियम हळूहळू दोन मनोऱ्यांच्या मधे गोळा होत जातो. म्हणजे या कारखान्याला उष्णता अफाट लागते, पण तापमान लागतं अवघं १३० अंश. अणुभट्टीतून सहज बाजूला काढता येणाऱ्या वाफेची नेमकी हीच पायरी! कारखाना अणुविद्युत केंद्राला लागूनच बांधला गेला. भट्टी वाफ आणि वीज देणार, कारखाना भट्ट्यांसाठी जड पाणी करणार, असं हे देणंघेणं. १९८५ मध्ये तो सुरू झाला. वर्षाला १०० टनांची त्याची मूळ क्षमता. हे तंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतः विकसित केलेलं. रासायनिक कारखान्याला अणूची वाफ, असं ज्याला म्हणता येईल ते आपल्याकडे चार दशकांपूर्वीच घडलेलं आहे. पाठ्यपुस्तकात ते यायला हवं होतं.

अर्थात हे लग्न काही सुखाचंच होतं असं नाही. पहिल्या भट्टीच्या टोकाकडच्या संरक्षक आवरणाला तडे गेले आणि १९८२ पासून ती दीर्घकाळ बंद राहिली. २००४ नंतर तर ती चाललीच नाही. भट्टी थांबली म्हणून मनोरे थंड होऊन चालत नाही, म्हणून तेलावर चालणाऱ्या बॉयलरांची सोय हाताशी ठेवावी लागली. याच पद्धतीचा दुसरा, मोठा कारखाना तेलुगू मुलुखात मणुगुरू इथे १९९१ मध्ये सुरू झाला. तिथे शेजारी अणुभट्टी नव्हती, सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी होत्या. म्हणून वाफेसाठी आणि विजेसाठी कारखान्याने स्वतःचं कोळशाचं केंद्र बांधलं. एकच प्रक्रिया, एकच देश, एकच खातं. एकीकडे युरेनियमची वाफ आणि दुसरीकडे कोळशाची. शेजार कोणाचा, एवढाच फरक.

आपल्या रायगड जिल्ह्यातला थळचा जड पाण्याचा कारखाना वेगळ्याच जातीचा. तो १९८७ मध्ये सुरू झाला आणि राष्ट्रीय केमिकल्सच्या अमोनिया कारखान्याच्या पोटाला चिकटून आहे. अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन येतो नैसर्गिक वायूपासून. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल आणि वायू सापडला, त्यानंतरच थळचं खतसंकुल शक्य झालं. त्याआधी, १९७०च्या आसपास, विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना वेगळंच स्वप्न पाहिलं जात होतं. पश्चिम उत्तर प्रदेशात आणि कच्छ-सौराष्ट्रात अणुकेंद्राभोवती खतं, ॲल्युमिनियम, कूपनलिका, गोडं पाणी अशी संकुलं उभारायची. भाभा केंद्रात त्याचा तपशीलवार अभ्यास झाला होता. ती संकुलं कागदावरच राहिली. साराभाई १९७१ अखेर गेले, आणि काही वर्षांतच समुद्राच्या तळातून वायू येऊ लागला. मला वाटतं, अणूच्या उष्णतेला आपल्याकडे खरा प्रतिस्पर्धी भेटला तो हा वायू. तो पाइपाने येतो, काडी लावताच हजार अंशांच्या वर जातो, आणि त्याला पंधरा वर्षं वाट पाहावी लागत नाही. त्याचा कार्बन डायऑक्साइड कोणी मोजत नव्हतं.

मग हजार अंशांचं काय? पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्या तीनशे अंशांच्या आसपास थांबतात, कारण त्यापुढे पाणी द्रवरूप ठेवायला अवाढव्य दाब लागतो. तेलशुद्धीकरणात तर आणखी एक गंमत आहे. मनोऱ्यातून बाहेर पडणाऱ्या गरम पदार्थांच्या उष्णतेनेच येणारं कच्चं तेल अडीचशे अंशांच्या आसपास तापवून घेतात. जाळ लागतो तो शेवटच्या शंभरेक अंशांसाठी. म्हणजे तारापूरसारखी भट्टी तुर्भ्याच्या कुशीत बांधली, तरी जिथे मुख्य जाळ आहे तिथेच ती लंगडी पडेल. टाक्या उबदार ठेवायला आणि मनोऱ्यात वाफ सोडायला ती उपयोगी पडेल, एवढंच.

यावर जर्मनांनी पाण्याऐवजी हेलियम वायू वापरून पाहिला. युलिश गावच्या भट्टीत इंधनाचे कण ग्रॅफाइटच्या, साधारण टेनिसच्या चेंडूएवढ्या गोळ्यांत भरलेले होते. १९७४ मध्ये तिथला हेलियम ९५० अंशांना बाहेर काढला गेला. हायड्रोजनची पायरी गाठली गेली! भट्टी १९८८ मध्ये बंद झाली. तिच्या पोटातलं तापमान हिशोबापेक्षा बरंच जास्त चढत होतं आणि आतला भाग किरणोत्सारी धुळीने चांगलाच माखला होता, हे मोजमापांतून पुढे आलं, आणि ती उलगडण्याचं काम फार अवघड होऊन बसलं. जपानने २००४ मध्ये आपल्या प्रायोगिक भट्टीत पुन्हा ९५० अंश गाठले. चीनने शिदाओवान इथे गोळ्यांच्याच पद्धतीची भट्टी डिसेंबर २०२३ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू केली. तिचा हेलियम ७५० अंशांना बाहेर येतो. आणि डाऊ? मिडलंडला पोळलेल्या त्याच कंपनीने टेक्सासमधल्या आपल्या रासायनिक संकुलासाठी चार छोट्या हेलियम-भट्ट्यांची योजना आखली. त्यांच्या बांधकाम परवान्याचा अर्ज मार्च २०२५ मध्ये दाखल झाला.

त्या मुलीच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र हेलियमचं नाही, साध्या पाण्याच्या भट्टीचं आहे. चीनमधल्या तियानवान अणुविद्युत केंद्रातून जून २०२४ पासून ल्यानयुनगांगच्या पेट्रोरसायन वसाहतीला वाफ जाते. नळ सुमारे २३ किलोमीटर लांबीचा, वाफ वर्षाला सुमारे ४८ लाख टन. भट्टीची वाफ थेट जात नाही. मधल्या उष्णता-विनिमयकांत ती दुसऱ्या स्वच्छ पाण्याची वाफ करते आणि ती दुसरी वाफ कारखान्यांना मिळते. ज्या भट्ट्यांतून ही वाफ निघते त्या रशियन घडणीच्या, आपल्या कुडनकुलमच्या भट्ट्यांच्या जातकुळीतल्या, आणि आधीपासून विजेसाठी चालू असलेल्या. म्हणजे चालत्या भट्टीलाही जोड देता येते.

तारापूरला ती का दिली गेली नाही, याची कारणं आता मांडता येतात. जुन्या दोन भट्ट्यांत पाणी भट्टीच्या गाभ्यातच उकळतं आणि मुख्यतः तीच वाफ टर्बाइनला जाते. ती वाफ किरणोत्सारी असते, औषधाच्या कारखान्याच्या वाटेला जाऊ देण्यासारखी नाही. नव्या भट्ट्यांत मधे विनिमयक आहेत, पण तोपर्यंत बोईसरला शेकडो मालकांचे शेकडो छोटे बॉयलर उभे राहिले होते. कोणाला तासाला दोन टन वाफ हवी, कोणाला पाच, कोणी रात्री बंद ठेवणार. गोसगेनसारखं एकच मोठं गिऱ्हाईक इथे नव्हतं. शिवाय सुरक्षेचा नियम. आपल्याकडे दीर्घकाळ भट्टीभोवती १.६ किलोमीटरच्या परिघात वस्ती नको आणि पाच किलोमीटरपर्यंत वाढीवर नियंत्रण, असा दंडक होता. तो योग्यच. पण तो उद्योगाला दूर ढकलतो, आणि वाफ उद्योगाला जवळ बोलावते. तियानवानने या भांडणातून २३ किलोमीटर लांबीचा, जाड आवरणाचा नळ टाकून वाट काढली. त्याला पैसा लागतो, आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला सगळ्यांच्या वतीने वाफ घेणारं कोणीतरी एक लागतं. बोईसरला सांडपाण्यासाठी सामाईक शुद्धीकरण केंद्र उभं राहू शकतं, तर सामाईक वाफ ही कल्पना अगदीच परकी नसावी, असं मला वाटतं.

२०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं, की २०० मेगावॉटच्या आणि ५५ मेगावॉटच्या छोट्या भट्ट्यांचे पहिले नमुने तारापूरलाच बांधायचे आहेत, आणि हायड्रोजन निर्मितीसाठी ५ मेगावॉट उष्णतेची वायुशीतित भट्टी भाभा केंद्राच्या विशाखापट्टणम इथल्या जागेत. पहिल्या दोन्ही भट्ट्या पाण्याच्या, म्हणजे वाफ रंगाच्या हौदाला आणि औषधाच्या पात्राला पुरेल, भाईंदरच्या पट्टीच्या भट्टीला नाही.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात पायऱ्यांचा तक्ता लावला. खाली मिठागर, वर पोलाद, आणि मधे प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या माणसाचा कारखाना त्याच्या तापमानासमोर लिहायचा. त्या मुलीने वडिलांना विचारून '१८४' लिहून आणलं. दाबमापक दहावर असतो हे वडिलांनी सांगितलं होतं, तापमान तिने वाफेच्या कोष्टकातून स्वतः काढलं. मग तिने दुसरा प्रश्न विचारला: वाफ नळाने आली तर बॉयलरवाल्यांनी काय करायचं? मी म्हटलं, तियानवानच्या नळाच्या टोकालाही झडपा आहेत, दाबमापक आहेत आणि रावतभाट्याप्रमाणे भट्टी थांबेल त्या दिवसासाठी एक बॉयलर तयार ठेवावाच लागणार. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, घरी विचारून येते.